खतांच्या कपाटातली कादंबरी

लोकांच्या पुस्तकांत काय काय सापडतं ते पाहायची मला फार वाईट खोड आहे. वर्ध्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात एकवीस वर्षं झाली, तरी परत आलेलं पुस्तक मी आधी उलटं धरून झटकते. केसांचा आकडा, डॉक्टरची चिठ्ठी, रुखवताची यादी, एकदा तर चक्क पापडाचा तुकडा. कोणी ठेवलं असेल, काऊन ठेवलं असेल, या विचारात माझा डबा गार होतो. घरचे म्हणतात, "तुले साऱ्या गावाच्या चौकशा!" असू द्या. चौकशा नसत्या तर मी या खुर्चीत कधीच वाळून गेले असते.

दुसरी खोड रागाची. पुस्तक भलत्या कपाटात दिसलं की माझं डोकंच फिरतं.

गेल्या दिवाळीआधी आमच्याकडे निर्लेखन होतं, म्हणजे कोणी नेत नाही अशी जुनी पुस्तकं बाद करायची. नियम सोपा. पुस्तकाच्या शेवटी तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते. दहा वर्षांत तिच्यावर शिक्का पडला नसेल, तर पुस्तक रद्दीच्या गाडीत. त्या कामात शेतीच्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर, खतांच्या पुस्तकांमागे मला एक कादंबरी सापडली. कव्हर गेलेलं, पानं पिवळी, शेवटचा शिक्का जुनापुराणा. कादंबरी आणि खतांत! मी भडकले. झटकली तर एसटीचं तिकीट पडलं. एरवी मी त्या तिकिटावर तासभर घालवला असता. त्या दिवशी रागात होते. तिकीट केरात टाकलं आणि कादंबरी बाद ढिगावर आपटली.

दोन दिवसांनी, बुधवारी, एक बाई शेतीच्या कपाटापुढे जमिनीवर बसलेली दिसली. पन्नाशी ओलांडलेली, हातात कापडी पिशवी. एकेक पुस्तक काढून मागे हात घालून चाचपत होती. मी विचारलं, "काय शोधता, ताई?" ती म्हणाली, "काई नाई, मॅडम," आणि उठून गेली. शनिवारी पुन्हा तेच. पुढच्या बुधवारी ती फळीवरची सगळी पुस्तकं खाली घेऊन बसली, तेव्हा मात्र मला राहवेना. मी तिच्या शेजारी फरशीवरच बसले.

"सुईनीचं पुस्तक होतं," ती म्हणाली. "मीच इथं लपून ठेवलं होतं. म्हनलं, खताचं पुस्तक कोन हात लावते!"

म्हणजे मी ढिगावर आपटली तीच कादंबरी. हळूहळू तिने सगळं सांगितलं. देवळीच्या पुढे तिचं गाव. नवऱ्याच्या किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा इथल्या दवाखान्यात डायलिसिस. तो चार तास मशीनवर, तेवढ्या वेळात ही ऑटोने ग्रंथालयात येऊन वाचायची. पुस्तक घरी नेणं तिला नको होतं, म्हणून तिने सभासदत्व घेतलं नव्हतं. इथे बसून वाचणाऱ्याची चिठ्ठीवर काय नोंद होणार? एकवीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नेलं नाही म्हणजे वाचलं नाही, असंच मी धरून चालले होते.

"घरी काऊन नाई न्यायचं?" मी विचारलं.

"थे मधी येतच नव्हते दवाखान्यात. म्हने, मशीनले लटकून जगनं काय कामाचं? आठ दिवस बसले घरी, पाय सुजून खांबावानी झाले. मंग मी येता-जाता बसमधे गोष्ट सांगाले लागली. इथं वाचाची अन् बसमधे सांगाची. पुढचं आयकाचं असन त पुढच्या बारीले चाला म्हनलं. पुस्तक घरी असतं त थे काऊन आले असते? आता सुईनीनं नावेत पाय ठेवला, नदीले पूर हाये, अन् पलीकडे बाई अडली हाये. इथवर सांगतलं. दोन खेपा झाल्या, मी इसरली-इसरली म्हनून राह्यली. काल म्हने, शनवारी मी काई येत नाई."

खरं लपवता आलं असतं. तरी सांगितलं. पुस्तक मीच बाद केलं, गाडी केव्हाच गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती फळीवरची पुस्तकं पुन्हा लावायला लागली, आणि चांगली क्रमाने लावली. मला भयंकर लाज वाटली.

मी रद्दीवाल्याकडे जाऊन आले, माल लगद्याला गेलेला. नागपूरपर्यंत फोन केले. त्या कादंबरीची दुसरी प्रत कोणाकडे नाही. शेवटी राहिला आमचा शनिवारचा वाचनकट्टा. सकाळी अकराला दहा-बारा जण जमतात, एकमेकांना पुस्तकं सुचवतात, चहा पितात आणि भांडतात. मी तिला बुधवारीच सांगून ठेवलं होतं, "नवऱ्याला कसंही करून दवाखान्यात आणा. पुढचं सापडलं म्हणा." काहीच सापडलं नव्हतं. देवाचं नाव घेऊन ठोकून दिलं होतं.

आली. नवरा दवाखान्यात मशीनवर, ही दाराजवळच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी कट्ट्यावर विचारलं, ही गोष्ट कोणी वाचली आहे का? एक निवृत्त पोस्टमास्तर लगेच म्हणाले, "वाचली ना! नाव उलटते, सुईण पोहून पार होते." एक निवृत्त नर्सबाई ताडकन उठल्या. "काहीतरीच! नावाडी भिऊन परत वळवतो, आणि ती त्याला चांगलीच झापते." झालं. अर्धा तास जुंपली. पोस्टमास्तरांनी तर खुर्च्यांची नाव करून दाखवली. मी कपाळाला हात लावला. या बाईला एक शेवट हवा होता आणि आमच्या लोकांनी दोन दिले होते, तेही अर्धवट.

ती मात्र गालावर हात ठेवून ऐकत होती. निघताना हळूच म्हणाली, "मॅडम, शेवट नोका शोधू. राहू द्या तिले पान्यातच."

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. तिला शेवट हवाच नव्हता. नवरा पुढच्या खेपेला बसमध्ये चढला पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

मग आमच्या कट्ट्याला एकच नाद लागला. दर शनिवारी तिला कोण कोणतं पुस्तक सुचवतो यावर चढाओढ. ती वाचायची आणि त्यातलं एखादं माणूस उचलून नावेत बसवायची. एक पळून आलेला शिपाई बसला. मुकी पोरगी बसली. शेळी घेऊन एक म्हातारी बसली. ती काय सांगते ते ऐकायला मिळावं म्हणून त्या बसने एकदा देवळीला जाऊन यावं, असं मला फार वाटायचं. गेले नाही. तेवढी अक्कल मला आहे.

थंडीत एका शनिवारी कट्टा संपला. ती आत कपाटाशी होती. दारात एक उंच, सुकलेला माणूस उभा. डोक्याला दुपट्टा, कोपराजवळ पट्टी. मी लगेच ओळखलं.

"मॅडम, एक विचारू? त्या नावेत आता अकरा जन झाले. अन् एक शेळी. बुडत काऊन नाई थे?"

मला हसू आवरेना. मग खरं सांगून टाकलं. पुस्तक कधीच गेलं, माझ्याच हातून.

"मले वाटलंच," ते म्हणाले. "पन तिले सांगू नोका मले समजलं म्हनून. लगनाले चाळीस वर्सं झाली. जेवा, बैल सोडले का, चाबी कुठं हाये, याच्यापुढं आमी काई बोललोच नाई. आता थे देवळीपर्यंत बोलत राह्यते अन् मी आयकतो. नाई त मी काई त्या मशीनसाठी येत नाई."

तेवढ्यात ती बाहेर आली. "तुमी इथं काऊन आलात?"

"पानी प्याले."

"पानी प्याले! डॉक्टरनं मोजून देल्लं हाये, तरी पानी प्याले!" ती सगळ्यांदेखत त्यांच्यावर तुटून पडली. ते मान खाली घालून मुकाट ऐकत राहिले.

मी टेबलाच्या कप्प्यातून एक जाडजूड पुस्तक काढून तिच्यापुढे धरलं. पुढच्या शनिवारसाठी राखून ठेवलेलं. तिच्याआधी त्यांनीच ते हातात घेऊन तोललं.

"किती पानाचं हाये?"

"सहाशेच्या वर."

"मंग बरं," ते म्हणाले. "उन्हाळ्यापर्यंत त पुरन."