कर्नलला दिलेला शब्द

बॅरिस्टर एडविन ट्रेगार्थन लिबरल पक्षाचे खासदार, तर कर्नल पेली विरोधी टोरी पक्षाचे कट्टर खासदार. पण दर बुधवारी दोघांचा तह असे: पार्लमेंटात मतदानाला दोघांनीही जायचं नाही, म्हणजे कुणाच्याच पक्षाचं नुकसान नको. मग टेम्सकाठच्या बाकावर बसून ते मटणाचं सँडविच खात आणि एकमेकांच्या पुढाऱ्यांना मनसोक्त शिव्या घालत. अशी अकरा वर्षं गेली, आणि मार्चमध्ये कर्नल वारले.

पुढच्याच बुधवारी लिबरलांचे प्रतोद क्रॅडॉक धावत आले. "ट्रेगार्थन, चला मतदानाला! नेमणूक पक्षाच्याच हातात आहे; न्यायाधीश व्हायचंय ना तुम्हाला?"

व्हायचं तर होतंच. वीस वर्षं ते आरशासमोर न्यायाधीशासारखं खाकरून बघत होते.

"आज बुधवार. मी कर्नलला शब्द दिलाय."

"अहो, ते गेले!"

"म्हणजे ते मत द्यायला येणार नाहीत. त्यांनी शब्द पाळला, मग मी कसा मोडू?"

बाकावर बसून त्यांनी सवयीने सँडविचचा मोठा तुकडा पलीकडे ठेवला. कर्नलच्या वतीने लिबरल पुढाऱ्यांना एक सणसणीत शिवी हासडली. मग टोरींना शिवी द्यायची स्वतःची पाळी आली, तेव्हा त्यांनी फक्त टोपी काढली.