भिंतीकडे तोंड केलेलं फुलपात्र

मंदाताई गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्यांचं अभिनंदन केलं. हे कबूल करूनच सुरुवात करतो, कारण ‘गच्ची परिवार’ या ग्रुपवरच्या चाळीस माणसांनी ते वाचलेलं आहे. वन-नॉर्थच्या ऑफिसात मी डबा खात होतो. फोन टेबलावर थरथरला, पडद्यावर एवढंच दिसलं... ‘आपल्या मंदाताई...’ आता या ग्रुपवर ‘आपल्या अमुकताई’ अशी सुरुवात झाली की पुढे पुरस्कार, बढती नाहीतर परदेशातलं व्याख्यान असायचं, आणि नवरे मंडळींनी तत्काळ टाळ्या वाजवायच्या असा अलिखित नियम होता. मी उजव्या हाताने पोळी मोडत डाव्या अंगठ्याने लिहिलं, ‘हार्दिक अभिनंदन! पार्टी कधी?’ वर दोन पुष्पगुच्छ. मग मेसेज उघडला. ‘आपल्या मंदाताई आज सकाळी गेल्या.’ पाठवलेलं मागे घ्यायला गेलो, तोवर निम्म्या लोकांनी वाचलं होतं. म्हणून मी ‘वरील मेसेज चुकून’ असं लिहिलं. ते बहुधा आणखी वाईट होतं. संध्याकाळी घरी गेलो तर चौदा वर्षांच्या आमच्या सईने दारातच मला गाठलं. “बाबा, यू सेड पार्टी कधी? सो मलू, लाह!” मलू म्हणजे लाजिरवाणं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. बायको घरी नव्हती. ती दुपारीच चोआ चू कांगच्या आमच्या घरून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, बेट ओलांडून बेडोकला, मंदाताईंच्या घरी पोहोचली होती.

आज महिना उलटून गेला आहे. माणूस गेलं की त्याच्याबद्दल चांगलं लिहावं, असा आपल्याकडे शिरस्ता आहे. मी प्रयत्न केला. दोन कागद फाडले. मंदाताई मला आवडत नव्हत्या, आणि त्या गेल्या म्हणून आवडायला लागल्या असं लिहिलं, तर सगळ्यात आधी त्याच वरून म्हणतील, “जावईबापू, खोटं बोलायलाही अभ्यास लागतो.”

त्या मला जावईबापू म्हणत, आणि त्यात आपुलकीचा अंशही नसे. नातं असं होतं, की पुण्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात गच्चीला लागून चार खोल्या होत्या. तिथे राहणाऱ्या मुली स्वतःला ‘गच्चीवाल्या’ म्हणवत. नव्या मुलीला एक थोरली नेमून दिली जाई. ती थोरली तिच्या अभ्यासापासून आजारपणापर्यंत सगळं बघे, आणि हे नातं पदवीबरोबर संपत नसे. माझी बायको वैशाली ही धाकटी, मंदाताई तिची थोरली. मी लग्न वैशालीशी केलं आणि सासू गच्चीवरून मिळाली.

गच्चीवाल्यांची आणखी एक रीत होती. नव्या मुलीला स्टीलचं फुलपात्र द्यायचं, त्यावर तिचं नाव घातलेलं. काठाखाली नाव, आणि नावाखाली बोटभर जागा कोरी. पुढे आयुष्यात जे काही करून दाखवशील ते त्या जागेत कोरायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर संसाराची भांडी लावताना ते फुलपात्र हाती आलं. त्यावर बायकोचं माहेरचं नाव, खाली जागा मोकळी. नवा नवरा होतो, अंगात प्रेम मावत नव्हतं. तुळशीबागेत भांड्यांवर नावं घालणारा बसतो, त्याच्याकडे गेलो आणि त्या मोकळ्या जागेत ठसठशीत अक्षरांत ‘सौ. वैशाली’ आणि पुढे माझं आडनाव घालून आणलं. कागदात गुंडाळून, वर रिबीन लावून तिला दिलं. तिने ते बराच वेळ हातात धरलं आणि म्हणाली, “अक्षर छान आहे.” मी वर्षानुवर्षं ही कौतुकाची पावती समजत होतो.

अकरा वर्षांपूर्वी मला पुणं सोडून इथे, या परदेशी बेटावर, नोकरी लागली. वैशाली तेव्हा रसायनशास्त्रात पीएचडी करत होती. प्रयोग संपले होते, प्रबंधाची दोन प्रकरणं लिहायची राहिली होती. मी म्हणालो, “तिथे निवांत लिही की. करायचंय काय दुसरं?” सई तेव्हा तीन वर्षांची होती, आणि तीन वर्षांचं मूल घरात असताना निवांत हा शब्द वापरणारा माणूस किती घरकाम करत असेल हे सुज्ञांना कळेलच. मंदाताई इथे आधीपासून होत्या. एकट्या राहत, संशोधन संस्थेत मोठ्या पदावर होत्या, नावावर पेटंटं होती. त्यांनी इथल्या नऊ गच्चीवाल्या गोळा केल्या होत्या, आणि सगळ्यांची फुलपात्रं त्यांच्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये काचेच्या कपाटात ओळीने मांडली होती. कुणाखाली ‘उपाध्यक्ष’, कुणाखाली ‘शल्यविशारद’. वैशालीने पहिल्या भेटीत आपलं फुलपात्र त्यांच्या हाती दिलं. मंदाताईंनी ते फिरवून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“हे तुम्ही घातलंत?”

“हो,” मी अभिमानाने म्हणालो.

“जागा भरलीत तुम्ही.”

एवढं बोलून त्यांनी ते फुलपात्र कपाटात ठेवलं, नाव भिंतीकडे करून.

तिथून आमचं युद्ध सुरू झालं. दर वेळी मी गेलो की कुणाचं लक्ष नसताना कपाट उघडून फुलपात्र सरळ करायचो. निघताना पाहावं तर ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभं. पंचेचाळिशीचा माणूस आणि पन्नाशीची शास्त्रज्ञ, दोघं एका भांड्याला गरगर फिरवत होतो. बोलून कुणीच काही दाखवलं नाही. त्यांनी मला एकदा नुसतं विचारलं, “जावईबापू, आमच्या कपाटात तुमचं काही हरवलंय का?” मी म्हणालो, “नाही, बायकोचं नाव शोधत होतो.” त्या म्हणाल्या, “उशीर झाला.”

पण खरी चीड होती ती वार्षिक मेळाव्याची. दर डिसेंबरात त्यांच्याकडे सगळ्या जमत. आम्ही नवरे खुर्च्या लावत असू आणि अळूवड्या खात असू. मग मंदाताई चष्मा लावून एक लांबट वही काढत आणि ‘मान्यवर गच्चीवाल्या’ वाचून दाखवत. प्रत्येकीचं नाव, आणि तिने त्या वर्षात काय केलं. टाळ्या पडत. शेवटचं नाव वैशालीचं. मंदाताई नाव घेत, थांबत, आणि एकच शब्द वाचत... “अपूर्ण.” वही मिटत. कुणी टाळी वाजवत नसे. वैशाली मांडीवरच्या बशीकडे बघत बसे.

चौथ्या की पाचव्या वर्षी मी हातातली खुर्ची तशीच धरून उभा राहिलो. “ताई, पुरे झालं. ती घर चालवते. आमच्या ब्लॉकमधल्या डझनभर पोरांना केमिस्ट्री शिकवते, त्यांच्या आया वाटेत थांबवून तिचे आभार मानतात. हे काही केलं नाही का तिने?”

मंदाताई शांतपणे म्हणाल्या, “मग ते तुमच्या यादीत घाला. ही आमची यादी आहे.”

“माणसाचा अपमान करायची यादी?”

“खुर्ची खाली ठेवा. पडेल कुणाच्या पायावर.”

खोलीत हशा पिकला. सगळ्यात वाईट म्हणजे, वैशालीही ओठ दाबून हसत होती. परतताना गाडीत मी तिला म्हणालो, “ती बाई तुझा सगळ्यांसमोर पाणउतारा करते आणि तू हसतेस?” ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “तू खुर्ची घेऊन फार विनोदी दिसत होतास.” त्यानंतर मी मंदाताईंच्या घराची पायरी चढलो नाही. मेळाव्याला वैशालीला खाली सोडायचो आणि हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांत, इथली गोड कॉफी, कोपी, पीत बसायचो. चार चार कप. मधुमेहाचं श्रेयही मी मंदाताईंना देतो.

मग त्यांना कर्करोग झाला. वैशाली दर शनिवारी आमटी-भात घेऊन जायची, तीन-चार तास बसायची. एवढा वेळ काय करता विचारलं तर म्हणायची, “वाचतो.” शेवटी शेवटी डबे जड व्हायला लागले म्हणून मी वर गेलो. मंदाताई सोफ्यावर होत्या, अंगावर शाल, मनगटं काडीसारखी. मी, सवयीने, कपाटाकडे पाहिलं. फुलपात्र भिंतीकडे. त्यांनी माझी नजर पकडली. “करा सरळ. आता मला उठवत नाही. आज तुम्ही जिंका.”

इथे एखाद्या भल्या माणसाने फुलपात्र तसंच राहू दिलं असतं. मी उठलो, कपाट उघडलं, ते सरळ केलं आणि परत येऊन चहा प्यायलो. लिहिताना लाज वाटते आहे. त्या वेळी वाटली नव्हती. निघताना त्या म्हणाल्या, “जावईबापू, तुम्ही माझ्याशी अकरा वर्षं भांडलात. तिला एकदा तरी काही विचारलंत?” मला वाटलं, मरतानाही टोमणा सोडत नाही ही बाई. ती आमची शेवटची भेट.

दिवसकार्य झाल्यावर त्यांचा भाऊ पुण्याहून आला आणि फ्लॅट रिकामा करायचं ठरलं. नवरे उचलायला होतेच. फुलपात्रं जिची तिला द्यायची होती आणि वही वैशालीकडे द्यावी असं मंदाताईंनी सांगून ठेवलं होतं. वैशाली आत साड्यांच्या घड्या घालत होती. मी एका खोक्यावर बसून वही उघडली. तो शब्द अकरा वेळा डोळ्यांनी बघायचा होता, म्हणजे राग ताजा राहिला असता. पानं चाळली तर लक्षात आलं की अक्षरं वेगवेगळी आहेत. प्रत्येकीने आपापली ओळ आपापल्या हाताने लिहिलेली. मंदाताई फक्त वाचून दाखवत. मी शेवटच्या ओळीवर आलो. ‘अपूर्ण.’ त्यातल्या पूच्या ऊकाराची शेपटी खाली ओढून पुढे वळवलेली. ती शेपटी मी रोज बघतो. आमच्या फ्रिजवरच्या यादीत ‘धणेपूड’ला ती असते. मागचं वर्ष पाहिलं. त्याच्या मागचं. अकराही वर्षं, तीच शेपटी.

वही खोक्यात ठेवली आणि कपाटातलं फुलपात्र घेऊन आलो. वाटेत बूगिसला गाडीत एकदा विचारायला तोंड उघडलं होतं, पण सिग्नल सुटला.

घरी आल्यावर वैशालीने फुलपात्र धुतलं, पाणी भरलं आणि ओट्याला टेकून प्यायली. मी म्हणालो, “ते तू लिहायचीस.”

“हो.”

“मग मला सांगायचं नाही? मी त्या बाईशी...”

“तुला मजा येत होती,” ती म्हणाली. “तू तिच्यावर चिडायचास, म्हणजे स्वतःकडे बघायला लागायचं नाही. तू म्हणायचास मी किती करते, पोरांना शिकवते, घर बघते. बाकीच्याही तेच म्हणायच्या. सगळ्यांनी माझं छान संपवून टाकलं होतं. मंदाताई दर डिसेंबरात विचारायची, काय लिहितेस? मी लिहायचे आणि ती मोठ्याने वाचायची. वर्षातून एकदा तरी कुणीतरी म्हणायचं, की राहिलंय.”

मंदाताईंनीही मला हे एका वाक्यात सांगितलं असतं तर त्यांचं काही बिघडलं नसतं. ते मी त्यांना माफ केलेलं नाही. मी विचारलं, “मग शनिवारी तुम्ही दोघी काय वाचत होता?”

“पाचवं प्रकरण. सहावं राहिलंय. पुन्हा नोंदणी करायचा फॉर्म मागच्या महिन्यात पाठवला. तिनेच सही केली शिफारशीवर.”

ओट्यावरचं फुलपात्र मी उचललं. एका बाजूला तिचं माहेरचं नाव, त्याखाली माझं ठसठशीत आडनाव, बोटभर जागेत काठोकाठ. मी म्हणालो, “झालं तर कोरणार कुठे? जागा तर मी...”

तिने ते माझ्या हातातून घेतलं, उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि उलटं करून माझ्यासमोर ठेवलं.

“बुडावर आहे की जागा,” ती म्हणाली. “मंदाताईने केव्हाच मोजून ठेवली होती.”