ब्रेकचा दिवा
गंजावर काचपेपर घासला की जो कडवट वास सुटतो, त्याने मला आमच्या वसईच्या अंगणातली, पंचवीसेक वर्षांपूर्वीची ती दुपार आठवते. वडील जाण्याआधी त्यांची जुनी गाडी माझ्या नावावर करून गेले होते आणि ती न्यायला मी माहेरी आले, तर मोठा भाऊ फाटकात आडवा उभा. "मागचा ब्रेकचा दिवा लागत नाही. अशी नेऊ देणार नाही," तो म्हणाला. मी वाडीतला हिस्सा मागितल्यापासून तो माझ्याशी एवढंही बोलला नव्हता. मी डिकी उघडून बल्ब काढून पाहिला. बल्ब शाबूत होता. मग दिव्याची वायर जिथे पत्र्याला आवळलेली असते तिथे पाहिलं, तर खाऱ्या हवेने गंजाचा थर चढला होता, त्यामुळे दिव्याला वीज मिळत नव्हती. केळींतून गरम, दमट वारा येत होता आणि भाऊ माझ्या डोक्यावर उभा राहून हसत होता. "जन्मात कधी पाना धरलायस?" मी काचपेपरने गंज घासून काढला, स्क्रू आवळला आणि म्हटलं, "ब्रेक दाब." "तुझा नोकर आहे का मी?" तेवढ्यात वहिनी पदराला हात पुसत ओटीवरून उतरली, गाडीत बसली आणि तिने ब्रेक दाबला. दिवा लालभडक लागला. "उतर खाली!" भाऊ ओरडला. ती हलली नाही. "लागला ना, वन्सं?" तिने मला विचारलं. मी हो म्हटलं तेव्हाच ती उतरली आणि सरळ जाऊन तिने फाटक उघडलं. मी गाडी काढली. मागे तिला काय काय ऐकावं लागलं असेल, हे विचारायलाही त्या घराने मला पुन्हा कधी आत घेतलं नाही.