सैल झालेली स्प्रिंग

नवा घडीचा चाकू उघडताना माझं नखच मोडलं. “स्प्रिंग ताठ आहे. रोज उघडझाप करा, सैल होईल,” दुकानदार म्हणाला. यानं मला फसवलं, असं वाटून मी चाकू खणात टाकला.

महिन्याभरानं तो अलगद उघडला. कुणीतरी चाकू बदललाय, अशी शंका आली. बायकोला विचारलं, तर ती चिडली. माझा संशय वाढलाच.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी मुद्दाम घरी आलो. पक्षाघातानं लुळ्या पडलेल्या उजव्या हातानं बाबा तो चाकू उघडत होते, मिटत होते. मला पाहून ओशाळले. “डॉक्टरांनी दाबायला दिलेल्या चेंडूपेक्षा हा बरा रे. बोटांशी झुंजतो.”

मग त्याच हातानं त्यांनी पेरू कापला आणि वेडीवाकडी फोड माझ्यापुढे धरली. मला मान वर करवेना.