पाऊण मापाचा पलंग

माझा मामा सुतार. आईपेक्षा सहा वर्षांनी धाकटा. त्याचा हात असा, की त्याने जोडलेल्या दोन फळ्यांच्या मधून नखसुद्धा जायचं नाही. पण कामाच्या ठिकाणी त्याला सगळे 'पाऊण मिस्त्री' म्हणत, आणि हे नाव त्याला का पडलं ते आमच्या घरात बरीच वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. मामा अंगाने बुटका, म्हणून थट्टेने म्हणत असतील, असा आईचा समज होता. कुणी विचारलंच तर मामा नुसता हसायचा आणि चहा मागायचा.

खरं कारण त्याच्या कामात होतं. शहराच्या चारी बाजूंना नव्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि इमारत पुरी व्हायच्या आधीच गिऱ्हाइकांना दाखवायला तळमजल्यावर एक सजवलेलं घर तयार ठेवत. सँपल फ्लॅट. त्यातलं लाकूडकाम मामाकडे असायचं. काम देणारी डिझायनर बाई हुशार होती, रंगांची नजर तिच्यासारखी फार थोड्यांना. तिच्या नकाशात पलंगाची लांबी सव्वासहा फुटांऐवजी पाच फूट असायची. कपाट आतून दोन फुटांऐवजी दीड फूट. सोफा बसायला जेमतेम. खोल्यांना चौकटी असत, दारं नसत, कारण दार उघडायला जागा लागते आणि ती जागा मग डोळ्यांत येते. सगळंच सारख्या प्रमाणात, साधारण पाऊणपट, लहान केलं की कशातच काही खटकत नाही. खोली मात्र ऐसपैस वाटते. हे प्रमाण बिनचूक साधणारा शहरात एकच कारागीर होता, तो मामा. चौदा वर्षं त्याने हे काम केलं.

आम्ही तेव्हा दोन खोल्यांच्या जुन्या जागेत राहत होतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा बसचे ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झालेले. सहा फूट दोन इंच उंच. डेपोत त्यांना 'दिव्याचा खांब' म्हणत. तीस वर्षं क्लच दाबून डावा गुडघा गेला होता आणि जिना चढताना ते प्रत्येक मजल्यावर थांबत. आई घरी शिवणकाम करायची. गिऱ्हाइकं तीन जिने चढून येईनाशी झाली, तेव्हा जागा विकून लिफ्टचं घर घ्यायचं ठरलं.

मामा ज्या इमारतीत काम करत होता तिथेच बघायला गेलो. मी बरोबर होते. मामाही नेमका आतच होता, एक अडणारा खण तासून नीट करत. आईला कोण आनंद झाला.

"हे सगळं तू केलंस?"

"हो, ताई."

"सांगितलं नाहीस कधी ते. एवढं सुरेख काम करतोस आणि तोंडातून शब्द नाही."

दाखवायला आलेली मुलगी भराभर बोलत होती. आई पलंगाच्या कडेवर क्षणभर टेकली आणि उठली. बाबांनी कपाटाच्या लाकडावरून हात फिरवला. मग त्यांनी मामाला सरळ विचारलं, "काय मिस्त्री, घ्यावं का?"

मामाने हातातल्या पटाशीकडे पाहिलं. "लिफ्ट चांगली आहे, भावोजी," तो म्हणाला. "उजेडही भरपूर आहे."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, घरचाच माणूस आत काम करतोय म्हटल्यावर आणखी काय बघायचं. आठवड्याभरात घर नोंदवलं.

किल्ल्या मिळायला तीन वर्षं लागली. रिकाम्या खोल्या मला लहान वाटल्या, पण रिकामी खोली लहानच वाटते, असं सगळे म्हणाले. सामान आलं. बाबांचा पलंग, त्यांच्या उंचीला पुरेल असा मामानेच पूर्वी करून दिलेला, झोपायच्या खोलीत लावला आणि दार वीतभर उघडून अडलं. पलंग फिरवला तर कपाट उघडेना. कपाट बाहेर काढलं तर शिवणयंत्राला जागा उरेना. हमाल घाम पुसत उभे राहिले. आईने मामाला बोलावून घेतलं.

मामा आला आणि त्या अर्ध्या उघड्या दारात उभा राहिला. टेप खिशातच होता, तो त्याने काढला नाही.

"ताई, जरा बस," तो म्हणाला. "मला काहीतरी सांगायचंय."

मग त्याने सांगितलं. पलंगाचं, कपाटाचं, न लावलेल्या दारांचं. आपल्या नावाचंही सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं.

"त्या दिवशी का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तू घर घेतलं नसतंस. आणि मॅडमच्या कानावर गेलं असतं तर माझं काम सुटलं असतं."

"यातलं आधी काय मनात आलं?"

मामाला खोटं बोलता आलं असतं. तो म्हणाला, "काम."

आई उठली आणि बाहेरचं दार उघडून बाजूला उभी राहिली. मामा चपला हातात घेऊनच लिफ्टकडे गेला.

त्यानंतर आठ महिने आई त्याच्याशी बोलली नाही. बाबा त्याला फोन करायचे, आई बाजारात गेली की. "बरं चाललंय रे," म्हणायचे. "तिरका झोपतो, एवढंच. आयुष्यभर गाडी वळवत आलो, आता स्वतःला वळवतोय." मामाला त्यावर हसता येत नसे, हे मला त्याने पुढे सांगितलं.

आम्ही राहायला गेलो त्याच महिन्यात त्याने डिझायनर बाईचं काम सोडलं. त्या चिडल्या नाहीत, समजावू लागल्या. "मिस्त्री, खोल्यांची मापं माहितीपत्रकात छापलेली असतात. आपण कुठे काही खोटं लिहितो?"

"लिहीत नाही, मॅडम. करतो," मामा म्हणाला.

पंधरवड्यात त्यांना दुसरा सुतार मिळाला. सँपल फ्लॅट होते तसेच होत राहिले. मामा एका शाळेच्या बाकांची दुरुस्ती करू लागला.

मग बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. महिनाभर हॉस्पिटलात होतो. घरी सोडायची वेळ आली तेव्हा व्यायाम घेणाऱ्या बाईंनी आईला विचारलं, घरी चाकाची खुर्ची बाथरूमपर्यंत जाईल ना? आईने घरी येऊन दाराला टेप लावला. मग माझ्याकडून फोन मागून घेतला आणि मामाला लावला. कसा आहेस, काय करतोस, काही नाही. "बाथरूमचं दार चोवीस इंच आहे," ती म्हणाली. "खुर्ची सव्वीस."

"येतो," मामा म्हणाला.

तासाभरात तो हत्यारं घेऊन हजर झाला. आधी भिंत ठोकून पाहिली, मग इमारतीच्या इंजिनिअरला वर आणून भिंतीवर इमारतीचा भार नाही याची खात्री करून घेतली. दार फोडून रुंद करायचं आणि पल्ला बाहेरून सरकता लावायचा, असं ठरवलं. बाबा यायला अकरा दिवस होते. मामा रोज सकाळी आठला यायचा. पहिले दोन-तीन दिवस दोघं कामापुरतंच बोलत. "धर," "सोड," "पेन्सिल दे." आई टेपचं दुसरं टोक धरायची आणि मामाने आकडा सांगायच्या आत तिचा आकडा तयार असायचा.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. ठोकण्याचा आवाज थांबला होता. आई बोलत होती.

"मी त्या पलंगावर बसले होते, आठवतं?"

"हं."

"तीस वर्षं लोकांच्या अंगाची मापं घेतेय मी. बाई दारातून आत आली की छाती-कंबर डोळ्यांनी कळते मला. बसल्या बसल्या समजलं होतं, पलंग आखूड आहे. हे यात मावणार नाहीत, हेही समजलं होतं."

मामाने पेन्सिल कानावर ठेवली असावी, कारण घासण्याचा आवाज सुरू झाला.

"मला ते घर हवं होतं. जिन्याचा वीट आला होता. म्हणून मी उठले आणि खिडकीकडे गेले. तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर विचारावं लागलं असतं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आठ महिने सगळं तुझ्या माथी मारून मोकळी झाले होते."

मी ओट्याशी तशीच उभी राहिले. मग मामाचा आवाज आला, "ताई, तो साबण पुढे कर. स्क्रू अडतोय."

दुपारी दोघं एका ताटात जेवली.

उरलेल्या दिवसांत मामाने ते घर जवळजवळ नव्याने मांडलं. बाहेरची खोली बाबांना दिली, कारण खुर्ची वळायला तिथेच जागा होती. खडूने जमिनीवर गोल काढून, हॉस्पिटलातून मागून आणलेल्या खुर्चीत स्वतः बसून तो तीन-तीनदा वळून बघे. पलंगाचे पाय कापून तो इतका उतरवला, की कडेवर बसल्यावर बाबांची पावलं पूर्ण टेकावीत. त्यासाठी हॉस्पिटलात जाऊन त्यांच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेतलं. शिवणयंत्र आतल्या खोलीत गेलं. भिंतीला पलंगापासून बाथरूमपर्यंत लाकडी कठडा बसवला, जाताना चालणाऱ्या डाव्या हाताला येईल असा. लाकूड घासून इतकं गुळगुळीत केलं की आई म्हणाली, आता पुरे, निसटेल हात.

बाबा घरी आले. पहिल्याच सकाळी त्यांनी खुणेनेच आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं. डाव्या हाताने कठडा ओढत, डावा पाय जमिनीला रेटत त्यांनी खुर्ची बाथरूमच्या दारापर्यंत नेली. आत गेले. आणि दार त्यांनी स्वतः सरकवून लावून घेतलं. महिनाभर त्यांना कुणीतरी धुतलं होतं, पुसलं होतं, उघड्यावर. आम्ही तिघं बाहेर उभे होतो. पाण्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मामाची बोटं दाराच्या कडेवर होती, हाक आली तर उघडायला. हाक आली नाही. दार सरकलं, बाबा बाहेर आले. केस अर्धवट ओले, सदऱ्याची बटणं चुकलेली. मामाकडे बघून त्यांनी तोंड जुळवलं आणि दोनदा प्रयत्न करून म्हणाले, "बरोबर."

मामा गॅलरीत गेला. आईने त्याला एकटं राहू दिलं.

बाबा त्यानंतर चौदा महिने होते. दार शेवटच्या आठवड्यापर्यंत त्यांनीच लावलं. एका दुपारी, आई शेजारी बसून कुणाच्यातरी ब्लाऊजला हुक लावत असताना, झोपेतच ते गेले.

मामाला मधल्या काळात वेगळंच काम मिळत गेलं. व्यायाम घेणाऱ्या त्या बाईंनी आमचं घर पाहिलं होतं. त्यांनी एकाला सांगितलं, त्याने दुसऱ्याला. पडलेल्या, लुळ्या झालेल्या, म्हाताऱ्या माणसांची घरं तो नीट करून देऊ लागला. जुन्या नावाने त्याला आता कुणी हाक मारत नाही. एकदा डिझायनर बाईंचाही फोन आला, त्यांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. मामा गेला, पलंग आणि कमोडची बैठक करून आला. मागचं कुणीच काढलं नाही. "त्यांची आई फार बारीक आहे," एवढंच तो आम्हाला म्हणाला. "हात धरतानाही भीती वाटते."

बाबा गेल्यावर महिन्याभराने त्याने आईला विचारलं, "कठडा काढू का? भिंत मोकळी होईल."

"राहू दे," आई म्हणाली. "माझेही गुडघे काही नवे नाहीत."

गेल्या वर्षी तिला तो खरंच लागू लागला. बाबांच्या मापाचा कठडा तिच्या हाताला उंच होत होता. मामा रविवारी आला, तिला भिंतीशी सरळ उभं केलं, मनगटापाशी पेन्सिलीची खूण केली आणि कठडा तीन इंच खाली घेतला. वरची जुन्या स्क्रूंची भोकं बुजवायला त्याने पुट्टी मळायला घेतली, तेव्हा "ती राहू देत" म्हणत आईने त्याच्या हातातून पुट्टीचा पत्रा काढून घेतला आणि त्याला जेवायला बसवलं.