जानेवारीतली राखी

मी मुखेडहून रोज एसटीनं नांदेडला कॉलेजला जायची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला वर्गातलाच एक मुलगा प्रयोगशाळेत मागून जाताना अंगाला हात लावायचा. आधी वाटलं, जागा अरुंद आहे. पण प्रयोगशाळा अर्धी रिकामी असतानाही हात लागायला लागला, तेव्हा काय ते कळलं.

लैंगिक छळ म्हणजे काय, हे आम्हाला कार्यशाळेत चहा-बिस्किटांसह सांगितलेलं होतं. तक्रार समितीचा फलकही ऑफिसबाहेर होता. तरी कुणी तक्रार करत नव्हतं. घरी कळलं की शिक्षण बंद, हे कुठल्याच कार्यशाळेत सांगत नाहीत. आम्ही मुली ते घरूनच शिकून आलेलो असतो.

मी मात्र बोलले. समितीतल्या मॅडम मला प्राचार्य सरांकडे घेऊन गेल्या. मुलालाही बोलावलं. सर म्हणाले, "घरी कळवलं तर तुझंच नुकसान हाय, बाळा. त्यापेक्षा राखी बांध याला. बहिणीवाणी वागवंल."

आमच्याकडे हा जुनाच तोडगा. पण जानेवारीत राखी कुठली मिळणार? शिपायाला पाठवून देवळासमोरून लाल दोरा आणवला. मुलानं लगेच मनगट पुढं केलं. इतक्या स्वस्तात सुटतोय हे बघून माझं डोकंच फिरलं.

"सर, हात यानं लावला. दोरा मी का बांधू?"

"मग वडलांना बोलवावं लागंल."

ही धमकी नव्हती. आपण या पोरीला वाचवतोय, असंच त्यांना मनापासून वाटत होतं.

"बोलवा," मी म्हणाले.

वडील दुकान बंद करून दुपारी आले. त्यांनी सगळं ऐकलं, टेबलावरचा दोरा पाहिला. म्हणाले, "हिची तक्रार लेखी घ्या." एवढंच. मी लिहून दिली.

परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले. नायगाव गेलं, नरसी गेलं, तरी अवाक्षर नाही. मला भयंकर भीती वाटत होती. माझी पुस्तकं कुणाला द्यायची, तेही मी मनात ठरवून टाकलं.

मुखेडला उतरल्यावर त्यांनी विचारलं, "उद्या कितीची गाडी हाय तुझी?"

"साडेसहाची," म्हणताना मला रडू फुटलं.

"मग जेवून लवकर झोप," ते म्हणाले.