नॉटिंगहॅम ते मँचेस्टर, मागच्या सीटवर जावई

मँचेस्टरला ट्रेनने न जाता गाडीनेच जायचं, असा हट्ट मी धरला. केतकी, माझ्या बहिणीची मुलगी, अटलांटाहून नवऱ्याला घेऊन आठवडाभर आमच्याकडे नॉटिंगहॅमला आली होती. सहावा महिना चालू. डॅरेलला मँचेस्टरच्या विद्यापीठात शिकवायची नोकरी मिळत होती आणि अमेरिका सोडायची की नाही, ते याच आठवड्यात ठरायचं होतं. डॅरेल कृष्णवर्णीय आहे. "मावशी, मला बाळाला घाबरत घाबरत वाढवायचं नाहीये गं," केतकी म्हणाली, आणि अख्ख्या इंग्लंडची अब्रू जणू माझ्याच गळ्यात येऊन पडली.

तुम्ही जाणार असाल तर मोटरवे विसरा. मॅटलॉक, बेकवेल, बक्सटन असा डोंगरातला रस्ता घ्या. वेळ जास्त लागतो आणि वळणांनी पोटात ढवळतं, म्हणून केतकीला पुढे बसवलं. पण दगडी बांध, मेंढ्या आणि धुकं पाहून जीव निवतो. बेकवेलला बदामाचं गरम पुडिंग कस्टर्डबरोबर खा. शनिवारी पार्किंग मिळणं म्हणजे नशीब, तेव्हा सकाळी लवकर पोहोचा.

बक्सटनच्या जरा पुढे मागून निळा दिवा चमकला. पोलीस! सुधीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गाडी कडेला घेतली, बेल्ट काढला आणि दार उघडून सरळ खाली उतरला. आपली सवय! पोलिसाने थांबवलं की आपण उतरायचं, "काय झालं साहेब?" म्हणत त्याच्याकडे जायचं. बसून राहिलो तर मिजास दिसते. इतकी वर्षं इथे काढूनही ती सवय काही सुटलेली नाही.

"अंकल, गेट बॅक इन! प्लीज!" डॅरेल ओरडला. आठवडाभरात त्याचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता. त्याचे दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठीवर, बोटं पसरलेली. केतकीचेही हात डॅशबोर्डवर. मी मात्र पर्समध्ये हात घालून विम्याचा कागद शोधत होते.

"मावशी, हात बाहेर काढ," केतकी अगदी हळू म्हणाली. "सावकाश काढ."

मी कागद तसाच सोडून रिकामा हात मांडीवर ठेवला.

झालं होतं एवढंच, की आमचा मागचा एक दिवा बंद होता. "गेट दॅट बल्ब सॉर्टेड, डक," पोलीस सुधीरला म्हणाला. इकडे लाडाने सगळ्यांनाच बदक करतात. आत डोकावून त्याने हात हलवला आणि गेला.

"बघ, किती सज्जन माणूस!" सुधीर इंग्रजीत म्हणाला.

"मला माझी भीती नव्हती, अंकल," डॅरेल म्हणाला. "मला तुमची पाठ दिसत होती."

मग त्याने सांगितलं. सोळाव्या वर्षी गाडीची किल्ली द्यायच्या आधी, पोलिसाने अडवलं तर कसं वागायचं याची आईने त्याच्याकडून तालीम करून घेतली होती. इंजिन बंद, हात दिसतील असे, खिशाकडे जायचं तर आधी विचारायचं, आणि खाली तर उतरायचंच नाही; तिकडे तेवढ्यावरूनही गोळी सुटते. "कायदा पाळा, कायदा तुम्हाला सांभाळेल, हा करार सगळ्यांशी आहे," तो म्हणाला. "आमच्या प्रतीत जास्तीच्या अटी आहेत, एवढंच."

"इथे तसं नाही रे," मी घाईघाईने म्हणाले. "आणि आपल्या माणसांत तर नाहीच नाही."

मँचेस्टरला गाडी शहराबाहेर लावून ट्रामने आत जा, डोकं शांत राहतं. विद्यापीठ त्याला आवडलं. तिथल्या पायऱ्यांवर तो केतकीचा फोटो काढत हसत होता आणि मला वाटलं, जिंकलो.

चहाला शुभांगीताईंकडे गेलो. त्या माझ्या जुन्या ओळखीच्या, इथल्या सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या डॉक्टर. त्यांनी केतकीपुढे पिवळसर दुधाचा ग्लास ठेवला. "पी गं, केशर घातलंय भरपूर. तुला तर प्यायलाच हवं."

"यात काय आहे?" डॅरेलने विचारलं.

केतकीने "चवीसाठी" म्हणावं, असं मला फार फार वाटलं.

"केशर," ती इंग्रजीत म्हणाली. "बाळ गोरं व्हावं म्हणून."

"अगं, शास्त्र नाही ते, आपली रीत..." ताई गडबडल्या.

डॅरेलने ग्लास उचलून एक घोट घेतला. "छान आहे," तो म्हणाला. "मला अटी सोळाव्या वर्षी कळल्या. याला पोटातच?"

चिडून बोलला असता तर बरं वाटलं असतं. ताईंनी ग्लास उचलला, आत गेल्या आणि साधं दूध घेऊन आल्या. डोळे ओले होते त्यांचे. माझी तर मान वर होईना.

येताना मोटरवेनेच आलो. घरी माझ्या फळीवरही केशराची डबी होती, केतकीच्या बॅगेत घालायला मुद्दाम आणलेली. दोघं अटलांटाला निघाली तेव्हा ती मी तिथेच राहू दिली.

परवा तिचा मेसेज आला. "येतोय आम्ही, मँचेस्टरला राहायला. फळीवरचं केशर तेवढं श्रीखंडात संपवून टाक." पाहिली होती तर पोरीने!

मी आनंदाने रडले. मग डोळे पुसून सुधीरला म्हटलं, "अहो, आधी उठा आणि तो मागचा दिवा बदलून आणा."